बेडपॅनला आलेली शिसारी

नाकाला रुमाल लावायचा असेल तर आत्ताच लावून घ्या, मित्रांनो. मी एक जुना बेडपॅन आहे. दोह्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात माझी हयात गेली. ज्या बाईला खाटेवरून उठून संडासापर्यंत जाता येत नाही, तिच्या अंगाखाली मला सरकवतात. पुढचं तुम्हाला कळलंच. शी म्हणालात ना? म्हणा, मला सवय आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझ्यात जे काही पडलं त्याची मला एकदाही किळस आली नाही. ते बिचारं शरीराचं असतं, पाण्यानं निघून जातं. मला शिसारी आली ती धडधाकट, इस्त्रीच्या कपड्यांतल्या, अत्तर लावलेल्या माणसांची. तीच हकिगत मी आज सांगणार आहे.

माझा जन्म वसईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात झाला. ज्या पत्र्यातून मी निघालो त्याच पत्र्यातून जेवणाचे डबे निघाले, ताटल्या निघाल्या, आणि एक तांब्या म्हणे कुणाच्या तरी देवघरात गेला. नशीब ज्याचं त्याचं. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा आम्हां बेडपॅनांची खोकी बोटीत चढली आणि कतारला उतरली. वॉर्डाच्या सिस्टर होत्या आग्नेस. त्याही वसईच्या. खोक्यावरचा पत्ता वाचून त्या म्हणाल्या, "बघ गो, हे तर माझ्या गावचं निघालं." इतक्या आपुलकीनं मला पुन्हा कुणी हात लावला नाही.

आग्नेस सिस्टरांची एक रीत होती. एसीच्या गारठ्यात स्टील बर्फासारखं होतं. म्हणून मला पेशंटकडे नेण्याआधी त्या गरम पाण्याखाली धरत, कोरडं पुसत आणि काठावर थोडी पावडर टाकत. बाकीचे लोक मला दोन बोटांत धरून, मान तिकडे वळवून नेत. सिस्टरांचे यजमान नॉरबर्ट रोज त्यांना गाडीनं सोडायला येत, पण हॉस्पिटलच्या दाराच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. घरी गेल्यावर मात्र बायकोच्या हातची मासळी चवीनं खात. सिस्टर हे हसत सांगायच्या. मला हसू येत नसे. ज्या हातांचं काम बघवत नाही त्याच हातांचं जेवण गोड लागतं, ही माणसाची जात.

मित्रांनो, आता मूळ गोष्टीकडे येतो. दोह्याच्या अल हिलाल भागात एका व्हिलात संजीव आणि शशिकला नावाचं पुण्याचं जोडपं राहत होतं. संजीव गॅस कंपनीत इंजिनिअर होते. त्यांची थोरली मुलगी गार्गी आणि धाकटा अमेय. गार्गीला लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं. त्या काळी परदेशातल्या एका मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक दर वर्षी दोह्याला येऊन एका हॉटेलात मुलाखती घेत. बारावीच्या वर्षी गार्गी तिथे गेली. त्यांनी तिला घेतलं नाही. म्हणाले, मार्क उत्तम आहेत, पण तू लहान आहेस. आणखी शिक, आजारी माणसांत काही काळ काढ, ते झेपतं का बघ आणि मग ये.

पोरीनं ते शब्द मनावर घेतले. पुण्याला जाऊन बी.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात पास झाली आणि परत आली. नातेवाईक म्हणत होते, तीन वर्षं पाण्यात गेली. संजीवांनी तर बजावलं होतं, "यंदा शेवटचं. नाही झालं तर डॉक्टरकीचा नाद सोडायचा, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करायचं आणि लग्नाचं बघायचं." एवढ्या एका मुलाखतीवर त्या मुलीचं सगळं टांगलेलं होतं.

आता राहिला अनुभव. शशिकलाबाईंच्या लेखी अनुभव म्हणजे मोठ्या डॉक्टरची ओळख. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आमच्या हॉस्पिटलातल्या एका सर्जनशी त्यांचं बोलणं झालं होतं. बाकरवडीचा डबा घेऊन त्या त्यांच्या घरी गेल्या आणि काम झालं. गार्गीनं पांढरा कोट घालून डॉक्टरांच्या मागे हाताची घडी घालून उभं राहायचं. त्याला म्हणायचं ऑब्झर्व्हेशन. शेवटी सर्टिफिकेट. घरी आल्यावर मागच्या बाथरूममध्ये अंघोळ करायची, कपडे वेगळ्या बादलीत भिजवायचे आणि मगच स्वयंपाकघरात यायचं. रोग्याची सावली नको, पण डॉक्टर म्हणून मुलीचं नाव मात्र हवं.

काही दिवस गार्गी अशी खांबासारखी उभी राहिली. मग एका सकाळी ती आमच्या धुण्याच्या खोलीच्या दारात आली.

"सिस्टर, मला काहीतरी करायला द्या," ती म्हणाली. "मी नुसतीच उभी असते. पेशंटना वाटतं मी कुणाची तरी पाहुणी आहे."

आग्नेस सिस्टरांनी तिला खालून वर पाहिलं आणि मला तिच्या हातात दिलं. "हे घे. आधी गरम पाण्याखाली धर."

पहिल्या दिवशी मला रिकामं करताना गार्गीला ओकारी झाली. माझ्या शेजारीच, बेसिनमध्ये. मला वाटलं, गेली ही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. नाकाखाली थोडा बाम लावून आली होती. आठवड्याभरात बाम सुटला. महिन्याभरात ती बायकांच्या चेहऱ्यावरून ओळखू लागली की कुणाला कधी माझी गरज आहे, कारण किती बायका लाजेनं मागतच नाहीत, पोट दुखेपर्यंत धरून ठेवतात. पगार नव्हता, तरी वर्षभर ती येत राहिली.

शशिकलाबाईंना हे कळलं तेव्हा घरात रामायण झालं. "पहिल्या वर्गातली बी.एस्सी. झालेली माझी मुलगी लोकांचं हगणं-मुतणं काढते," असं त्या म्हणाल्या. गार्गीनंच ते सिस्टरांना सांगितलं, मला घासता घासता. वर त्यांनी मुलीला ताकीद दिली की मंडळात कुणापाशी बोलायचं नाही. कुणी विचारलं की त्या सांगत, "गार्गी ना, ती सर्जनना असिस्ट करते." म्हणजे काम करताना लाज आणि मिरवताना ऐट. अशा बाईच्या घरचं दूध नासत कसं नाही, असं मला वाटायचं.

त्याच वर्षी अमेयचीही बारावी होती. तोही त्याच मुलाखतीला बसणार होता, कारण त्या घरात थोरलीचं जे जे होतं ते धाकट्याला जायचं. तिची पुस्तकं, तिची सायकल, तिच्या वह्या, तिचा प्रयोगशाळेतला कोट. वस्तू वाया घालवायची नाही, हा शशिकलाबाईंचा बाणा. तसा तो चांगलाच आहे, पण कुठे थांबायचं ते माणसाला कळायला हवं. अमेयलाही दोन आठवड्यांचा अनुभव मिळवून दिला गेला. बायकांच्या वॉर्डात मुलग्यांना मज्जाव, म्हणून तो पलीकडच्या पुरुषांच्या वॉर्डात असायचा. असायचा म्हणजे दारात उभा राहून मोबाइलवर सापाचा खेळ खेळायचा. आईनं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायचा. "इट स्टिंक्स, आई." एवढंच त्याचं ऑब्झर्व्हेशन.

आणि मग तानूबाई आल्या. तानूबाई बार्शीकडच्या. त्यांचा मुलगा सदानंद दोह्यात एसी दुरुस्तीच्या कंपनीत फोरमन होता. आईला विमानात बसवायचं, समुद्र दाखवायचा, म्हणून त्यानं हौसेनं व्हिजिट व्हिसावर आणलं. आल्या आल्या म्हातारी न्हाणीघरात घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. वॉर्डातल्या बाकीच्या बायका मल्याळी, फिलिपिनो, अरबी. तानूबाईंना एक अक्षर कळेना. कुणी काही विचारलं की त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढत. गार्गी पहिल्यांदा त्यांच्याशी मराठीत बोलली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला तो सोडेचनात.

"तू आपल्यातली हायेस व्हय गं? मग मला जरा... कसं सांगू..."

"भांडं हवंय ना, आजी? आणते."

त्यानंतर तानूबाई गार्गीशिवाय कुणाच्या हातून मला घेत नसत. आमच्या वॉर्डात रुकैया नावाची दुसरी मदतनीस होती, हैदराबादची, मायाळू बाई. तिलाही त्या मानेनं नको म्हणत आणि वाट बघत पडून राहत.

एका दुपारी तानूबाईंवर असा प्रसंग आला की तो आठवून बाईमाणूस आयुष्यभर मान खाली घालील. पडद्याआड त्या होत्या, गार्गी होती आणि मी होतो. तिथे काय झालं ते मी तुम्हाला सांगणार नाही. विचारूही नका. गार्गी त्या वेळी कशी वागली एवढं सांगतो. तिनं नाक मुरडलं नाही, घाई केली नाही, कुणाला हाक मारली नाही आणि सगळं आवरेपर्यंत म्हातारीशी बार्शीच्या बाजाराबद्दल बोलत राहिली. सगळं स्वच्छ झाल्यावर तानूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"पोरी, ह्ये कुनाला सांगू नगंस. माझ्या सदालाबी न्हाई. सुनंला तर न्हाईच."

"नाही सांगणार, आजी. शब्द देते."

काही दिवसांनी तानूबाई घरी गेल्या. पण ज्या दिवशी तो प्रसंग झाला त्या संध्याकाळी गार्गी घरी जेवता जेवता ताटावरून उठून गेली. आईनं पाठीवरून हात फिरवून विचारलं, काय झालं. वर्षभरात पहिल्यांदा आई रागावल्याशिवाय विचारत होती. पोर विरघळली आणि तिनं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणालीसुद्धा, आई, हे तुझ्या-माझ्यातच राहू दे, मी शब्द दिलाय.

मित्रांनो, शशिकलाबाई ते ऐकून रडल्या म्हणे. खरोखर रडल्या. डोळे पुसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "गार्गी, हेच मुलाखतीत सांग. असंच सांग. सीट आपलीच." कालपर्यंत जे हगणं-मुतणं होतं त्याचं एका क्षणात सोनं झालं. गार्गी नाही म्हणाली. त्या समजावत राहिल्या, चिडल्या, अबोला धरला. गार्गी नाहीच म्हणाली. तिला वाटलं, विषय संपला.

जानेवारीत मुलाखती झाल्या. तिथे मी नव्हतो. दुसऱ्या दिवशी गार्गी मला नळाखाली धरून आग्नेस सिस्टरांना सांगत होती तेव्हा मी ऐकलं. नळ सोडलेला होता आणि ती तो बंद करायचं विसरली होती.

आधी अमेय आत गेला. बाहेर आला तो बहिणीकडे न बघता सरळ पाणी प्यायला गेला. मग गार्गीला बोलावलं. समोर तिघे प्राध्यापक होते. त्यांतल्या एक पिकल्या केसांच्या बाई चष्मा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या भावानं आत्ताच आम्हाला खेड्यातल्या एका आजींची गोष्ट सांगितली. त्यानं त्यांची जी सेवा केली ती ऐकून आम्हाला गहिवरून आलं. तूही त्याच हॉस्पिटलात होतीस ना?"

 गार्गीला तिथल्या तिथे कळलं की आईनं पुस्तकं दिली, सायकल दिली, तशी तिची तानूबाईसुद्धा अमेयला देऊन टाकली. आयत्या बिळावर नागोबा. आता तिच्यापुढे दोन वाटा होत्या. हा खोटं बोलतोय, ती मी होते, असं म्हणायचं. पण नुसतं म्हणून कोण विश्वास ठेवणार? खूण पटवायची तर अमेयला माहीत नसलेलं सगळं सांगावं लागलं असतं. आजी तेव्हा काय बोलल्या, कशा रडल्या, अंगावर काय होतं, काय नव्हतं. म्हणजे उरलीसुरली म्हातारी त्या टेबलावर मांडावी लागली असती.

ती म्हणाली, "त्या आजींना मी ओळखते. पण त्यांच्याबद्दल बोलायची मला मोकळीक नाही."

"बरं. मग तू स्वतः वर्षभर काय केलंस?"

"भांडी दिली, भांडी धुतली, चादरी बदलल्या."

"आणि त्यातून काय शिकलीस?"

"पडदा नीट ओढून घ्यायला."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, तिचे आभार मानले आणि तिला जायला सांगितलं.

मार्चमध्ये निकाल कळला. अमेयला जागा मिळाली. गार्गीबद्दल कॉलेजनं कळवलं की हिच्यापाशी शिक्षण आहे, अनुभवही आहे, पण त्या अनुभवातून काय मिळवलं ते हिला मांडता येत नाही. जो दारात उभा राहून साप खेळवत होता, त्याला मांडता आलं.

घरी गार्गीनं आईला जाब विचारला, तेही मी नळाखालीच ऐकलं. शशिकलाबाईंना आपली चूक काय तेच कळेना. "तू वापरणार नव्हतीस ना? मग एवढी चांगली गोष्ट वाया घालवायची का? घरातल्या घरात राहिली की," त्या म्हणाल्या. संजीव म्हणाले, "जाऊ दे गं, एकाचं तरी झालं. खलास, आता विषय नको." अमेय खोलीचं दार लावून बसला. दाराआडून एवढंच म्हणाला, "आय डिडन्ट वॉन्ट टू, ताई." कुणाला नको होतं आणि कुणी करायला लावलं याचा हिशेब आता कोण मांडणार? शेण खाल्लं ते खाल्लंच.

त्याच आठवड्यात शशिकलाबाई आमच्या वॉर्डात पेढे घेऊन आल्या. वर्षभरात त्यांचं पाऊल पहिल्यांदाच तिथे पडलं. आग्नेस सिस्टरांनी पेढा घेतला, अरबीत शुक्रन, म्हणजे आभार, म्हणाल्या आणि धुण्याच्या खोलीत येऊन तो माझ्या शेजारी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या. मी तो पेढा आणि माझ्यातली घाण शेजारी शेजारी पाहिली आहे, मित्रांनो. मला पेढ्याकडे बघवेना.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मंडळाचा गुढीपाडवा आला. एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता; तिथलं सगळं गार्गीनंच पुढे सिस्टरांना सांगितलं. नाट्यगीतं झाली, लहान मुलांचे नाच झाले आणि मग यशस्वी विद्यार्थ्यांचा सत्कार. अमेयला श्रीफळ दिलं. त्याला मराठीत दोन शब्द बोलायला सांगितलं तर तो ओशाळून हसला, म्हणून शशिकलाबाईंनी माइक घेतला. आणि त्या बाईनं सगळं सांगितलं. बार्शीकडची म्हातारी, न्हाणीघरात पडून खुबा मोडलेली, पडद्याआड असं असं झालं आणि माझ्या मुलानं असं असं केलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दोघी-तिघींनी डोळे पुसले. त्यांतल्या एकीलाही प्रश्न पडला नाही की कतारात, बायकांच्या वॉर्डात, हा पोरगा पडद्याआड गेलाच कसा.

मागच्या रांगेत, मांडीवर झोपलेलं मूल घेऊन, तानूबाईंची सून बसली होती. तिला मात्र तो प्रश्न पडला. पोरगा तिथे असूच शकत नव्हता. म्हणजे पडद्याआड जी मुलगी होती तिनंच हे बाहेर सांगितलं, असं तिनं ओळखलं आणि घरी जाऊन सासूला, नवऱ्याला सांगितलं.

एप्रिलमध्ये तानूबाईंची जखम चिघळली आणि त्या पुन्हा आमच्या वॉर्डात आल्या. भेटीच्या वेळेत घरच्या पुरुषांना आत सोडत, म्हणून खाटेच्या पायथ्याशी सदानंद उभा होता. साधा माणूस, कधी आवाज चढवला नव्हता. गार्गी मला घेऊन आली तेव्हा तिच्याकडे न बघता तो आग्नेस सिस्टरांना म्हणाला, "सिस्टर, ही नको. दुसऱ्या कुणाला पण पाठवा. आम्ही गरीब असू, पण तमाशा नाही."

गार्गीनं मला रुकैयाच्या हातात दिलं आणि ती धुण्याच्या खोलीत जाऊन उभी राहिली. आग्नेस सिस्टर मागोमाग आल्या.

"सांग ना गो त्यांना. भावानं चोरलं म्हणून सांग."

"भावाला आईनं सांगितलं, सिस्टर. आईला कुणी सांगितलं?"

  तेव्हा मला त्या मुलीची कणव आली आणि बाकी साऱ्यांची इतकी किळस आली की मला फिनेलच्या टाकीत बुडवून ठेवलं असतं तर बरं, असं वाटलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे ऐकलं होतं. पण दुसऱ्याचं उघडं करून त्यावर स्वतःच्या पोराचं नाव घालायचं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे एका दुपारी रुकैया जेवायला गेली होती आणि आग्नेस सिस्टर एका पेशंटला घेऊन ऑपरेशन थिएटरकडे गेल्या होत्या. तानूबाईंच्या खाटेवरची घंटा वाजली. गार्गीनं मला गरम पाण्याखाली धरलं, पुसलं, पावडर टाकली आणि ती आत गेली. तिला बघताच तानूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तू नगं."

"आजी, सिस्टरांना यायला वेळ लागेल."

"लागू दे."

गार्गी मला हातात धरून तशीच उभी राहिली. म्हातारीनं ओठ घट्ट मिटले होते. कपाळावर घाम आला होता. तिनं चादरीचा काठ मुठीत धरला, आवळला, आणि मग ती मूठ हळूहळू सुटली. चादर ओली झाली. गादी ओली झाली. वास पसरला. मी गार्गीच्या हातात कोरडाच राहिलो. इतकी वर्षं काम केलं, पण अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ऊन पाण्यानं गरम केलेला, पावडर लावलेला मी समोर असताना एका माणसाला माझ्यापेक्षा ओली गादी बरी वाटली.

गार्गीनं मला खाली ठेवलं. कोमट पाणी आणलं, चादर काढली, म्हातारीला पुसलं, कोरडं नेसवलं. म्हातारी सगळा वेळ भिंतीकडे बघत रडत होती.  शेवटी तानूबाईंनीच विचारलं.

"कुनाकुनाला सांगितलंस?"

"एकटीला. माझ्या आईला."

"का?"

"मला एकटीला पेलवेना, आजी. पण सांगायला नको होतं."

तानूबाईंनी मान वळवली. पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "आन् मग समद्या गावाला कुनी सांगितलं?"

गार्गी खाली वाकून ओली चादर गोळा करू लागली. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण माणसाचं तोंड तिला वाचता येत होतं.

"आईनंच व्हय," ती म्हणाली. "तुला तरी मिळालं का काय त्यातनं? डागदर झालीस?"

"नाही, आजी. भाऊ होणार आहे."

 संध्याकाळी सदानंद भेटायला आला. त्याला त्यांनी जवळ बोलावलं आणि गार्गीसमोर, मोठ्यानं सांगितलं, "सदा, ही पोर राहू दे. हिचं चुकलं, पर ही उभी हाय हितं. त्या पोरट्याचं नाव काय ते नीट इचारून घे. म्या मराया टेकले तरी मला त्येच्या हाती देऊ नगंस."

सदानंदनं गार्गीला भावाचं नाव विचारलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

तानूबाई पुढे काठी टेकत चालू लागल्या आणि गावी गेल्या. गार्गीनं पुन्हा अर्ज केला नाही. ती पुण्यात एका लॅबमध्ये काम करते, असं आग्नेस सिस्टर सांगत होत्या. अमेय डॉक्टर झाला. आमच्या वॉर्डात प्लॅस्टिकचे पॅन आले, मग वापरून फेकायचे आले, आणि मला तळघरातल्या कोठीत मोडक्या खुर्च्यांजवळ टाकलं. तळाला थोडा पोचा आलाय, काठ अजून गुळगुळीत आहे. मला त्याचं दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्यातल्या कुणाला डॉक्टर व्हायचं असेल तर जरूर व्हा. खूप शिका. आजारी माणसांची सेवा करा, मला हातात धरायला लाजू नका, पहिल्या दिवशी ओकारी आली तर येऊ द्या. पण खाटेवरच्या माणसाचं दुखणं बाहेर नेऊन स्वतःच्या मोठेपणासाठी वापरू नका, आणि कुणी ते तुमच्या पदरात टाकलं तर घेऊ नका. आजाऱ्याची लाज ही त्याची एकट्याची असते. ती उचलून आपल्या नावावर लावणाऱ्या हातांपेक्षा माझ्यात जे पडतं ते कितीतरी स्वच्छ असतं.